परीकथा आणि निबंध जोडीनं: एकोणिसावं शतक वाचण्याची एक पद्धत

एकोणिसाव्या शतकातले निबंध हौसेनं वाचायला घेणारे बरेच वाचक तिसऱ्या-चौथ्या पानावर अडतात. त्याच काळातल्या परीकथा 'लहानपणी वाचल्यात' म्हणून पुन्हा उघडल्याच जात नाहीत. दोन्हींवर एकच उपाय चालतो. जमेल तिथं एकाच लेखकाची परीकथा आणि निबंध जोडीनं वाचायचे. रस्किन, वाइल्ड, मॅकडोनल्ड आणि डिकन्स या सगळ्यांनी दोन्ही लिहिलंय. कथेत लेखक एखादा प्रश्न पात्रांच्या अंगावर टाकतो, निबंधात तोच प्रश्न घेऊन भांडतो. कधी दोन्हीकडे उत्तर एकच येतं, तर कधी निबंध कथेलाच खोटं पाडतो.

क्रम असा ठेवावा: आधी कथा, मग निबंध, मग पुन्हा तीच कथा. निबंध आधी वाचला तर कथा त्याचं नुसतं उदाहरण होऊन बसते आणि तिच्यातल्या न पटणाऱ्या, अर्धवट सुटलेल्या जागा दिसेनाशा होतात. एका बैठकीला चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात. कथा मोठ्यानं वाचावी, निबंध मनात. निबंधाची आठ-दहा पानं झाली की थांबावं. पुढं रेटलं तर शब्द नुसते डोळ्यांखालून जातात.

आधी प्रत तपासा

इथं सर्वांत जास्त गडबड होते. बाजारातल्या बहुतेक परीकथा संक्षिप्त असतात आणि मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसतं. पुस्तक विकत घेण्याआधी किंवा उतरवून घेण्याआधी दोन मिनिटांत या खुणा पाहाव्यात.

वाइल्डच्या 'हॅपी प्रिन्स'मध्ये चिमणपाखरू मेल्यानंतर पुतळा वितळवतात, आणि त्या धातूचं काय करायचं यावरच्या सभेत महापौर आणि नगरसेवक 'आता पुतळा माझाच हवा' म्हणून भांडतात. ते भांडण नसेल तर प्रत कापलेली आहे. डॅनिश कथाकार अँडरसनची जलपरी समुद्राचा फेस होऊन संपत असेल, तीही प्रत टाकून द्यावी. मूळ कथेत ती हवेच्या कन्यांमध्ये जाते आणि अमर आत्मा मिळवण्यासाठी तिच्यापुढं तीनशे वर्षं असतात. 'स्नो क्वीन' सात भागांत नसेल तर पुस्तक परत ठेवावं. जर्मन ग्रिम बंधूंच्या बेडूक-राजपुत्राच्या गोष्टीत राजकन्या बेडकाचं चुंबन घेत असेल, तर ते ग्रिम नव्हेच. त्यांची राजकन्या चिडून बेडूक भिंतीवर आपटते आणि तिथंच तो राजपुत्र होतो.

या सगळ्या लेखकांचं मूळ लेखन आता हक्कमुक्त आहे. इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग, विकिस्रोत आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो, लिब्रिवॉक्सवर ध्वनिमुद्रणंही आहेत. अनुवाद मात्र कुणी, कधी केला ते बघावं. अँडरसनचे सुरुवातीचे काही इंग्रजी अनुवाद डॅनिशवरून नाही, जर्मनवरून झाले, आणि त्यात त्याचे बोलीतले चिमटे गळून गेले. जाँ हर्शोल्टचा १९४९ चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद डॅनिशवरून आहे. सुरुवात त्याच्यापासून करावी.

पहिली जोडी: डिकन्स आणि क्रुकशँक

सुरुवात छोट्या, विनोदी मजकुरानं करावी. १८५३ साली चित्रकार जॉर्ज क्रुकशँकनं अंगठ्याएवढ्या पोराची जुनी गोष्ट नव्यानं लिहिली आणि तिच्यात दारूबंदीचा प्रचार घुसवला. हा क्रुकशँक साधा माणूस नव्हे. ग्रिमच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाची (१८२३) आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट'ची चित्रं त्याचीच. डिकन्सनं १ ऑक्टोबर १८५३ च्या 'हाउसहोल्ड वर्ड्स'मध्ये 'फ्रॉड्स ऑन द फेअरीज' हा लेख लिहून मित्राची यथेच्छ टिंगल केली. लेखाच्या उत्तरार्धात तो सिंड्रेलाच सुधारक मंडळींच्या थाटात लिहून दाखवतो.

काम सोपं आहे. आधी फ्रेंच लेखक पेरोची सिंड्रेला वाचा, मग डिकन्सचा लेख. वाचताना प्रत्येक प्रचारकी वाक्यापाशी खूण करा आणि जुन्या गोष्टीत त्या जागी काय होतं ते समासात लिहा. डिकन्सचं म्हणणं एवढंच आहे की उपयुक्ततेच्या या युगात परीकथांना तरी हात लावू नका. तो स्वतः आयुष्यभर कादंबऱ्यांतून सुधारणेचा प्रचार करत होता, ही गंमत त्यात आहेच.

रस्किन: सोन्याची नदी आणि संपत्तीचा हिशेब

जॉन रस्किननं 'द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर' १८४१ मध्ये एफी ग्रे नावाच्या लहान मुलीसाठी लिहिली. ती छापून आली दहा वर्षांनी, रिचर्ड डॉइलच्या चित्रांसह. प्रकरणं पाच आहेत, म्हणून दोन बैठका कराव्यात. पहिली दोन प्रकरणं एकदा, मोहिमेची तीन दुसऱ्यांदा.

गोष्ट थोडक्यात: हान्स आणि श्वार्ट्झ हे भाऊ सुपीक दरीतलं धान्य दाबून ठेवतात आणि उपाशी माणसाला दारात उभं करत नाहीत. एके रात्री नैऋत्येचा वारा पाहुणा होऊन येतो, त्यालाही हाकलायला बघतात, आणि दरीची लाल वाळू होऊन जाते. मग धाकट्या ग्लकला सोन्याच्या नदीचा राजा भेटतो. नदीच्या उगमात पवित्र पाण्याचे तीन थेंब टाकेल त्याच्यासाठी नदी सोन्याची होईल. पाणी अपवित्र निघालं तर तो काळा दगड होईल. हान्स पाणी चोरतो, श्वार्ट्झ लाच देऊन मिळवतो. वाटेत तहानेनं तडफडणारे भेटतात, दोघंही त्यांना ओलांडून पुढं जातात आणि दगड होतात. ग्लक आपलं पाणी म्हाताऱ्याला, मुलाला आणि शेवटी कुत्र्याला पाजून रिकामा होतो. नदी त्याच्यासाठीही सोन्याची होत नाही. ती वाट बदलून दरीत उतरते आणि वाळूत पुन्हा पीक येतं.

आता निबंध. 'अन्टू धिस लास्ट' हे चार लेख थॅकरे संपादक असलेल्या 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर १८६० या काळात आले. वाचक इतके खवळले की मालिका चारांवर थांबवावी लागली. पुस्तक १८६२ मध्ये निघालं. गांधीजींनी ते १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचलं, मित्र पोलाक यांनी दिलेली प्रत. त्यानंतर फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि १९०८ मध्ये या पुस्तकाचा गुजराती सारांश 'सर्वोदय' नावानं 'इंडियन ओपिनियन'मध्ये आला.

चारही लेख ओळीनं वाचू नयेत. दुसऱ्यापासून, 'द व्हेन्स ऑफ वेल्थ'पासून आरंभ करावा. त्यातला मुख्य मुद्दा एकदा पकडला की बाकीचं सुटतं: तुमच्या खिशातल्या गिनीचं (जुन्या इंग्रजी नाण्याचं) बळ शेजाऱ्याच्या खिशात ती नसण्यावर अवलंबून असतं. श्रीमंत हा शब्द उत्तर या शब्दासारखा आहे, त्याला दक्षिण लागतेच. नंतर पहिला लेख. तिथं सैनिक, धर्मोपदेशक, वैद्य, वकील यांच्या रांगेत व्यापाऱ्याला बसवून रस्किन विचारतो की व्यापाऱ्यानं कोणत्या प्रसंगी मरायला तयार असावं? मग तिसरा. चौथा, 'अ‍ॅड व्हॅलोरेम', सर्वांत लांब आणि अवघड आहे, कारण तो मिल आणि रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञांच्या व्याख्यांशी झुंजतो. ते अर्थशास्त्र माहीत नसेल तर व्याख्यांचा भाग भरभर उलटावा आणि मोठ्या अक्षरांत छापलेल्या त्या वाक्यापाशी थांबावं: जीवनाखेरीज दुसरी संपत्ती नाही.

आता पुन्हा कथेकडं या. दरी सोन्याऐवजी पाण्यानं श्रीमंत का झाली, हे रस्किननं वीस वर्षं आधी मुलीला सांगितलेलं आहे. निबंधातला युक्तिवाद मात्र कथेपेक्षा पुढं जातो. कथेत दोष दोन दुष्ट भावांचा आहे. निबंधात दुष्ट कुणी नसला तरी व्यवहार तसाच चालतो.

रस्किनची वाक्यं आठ-आठ ओळींची असतात. अडलं तर मुख्य क्रियापद शोधून खाली रेघ मारावी. त्याच्या आधीचा मजकूर बहुधा अटींचा असतो, नंतरचा अपवादांचा. बायबलचे संदर्भ शोधत बसू नये, पहिल्या वाचनात तर नकोच. शीर्षकाचा तेवढा लक्षात ठेवावा: द्राक्षमळ्यात शेवटी आलेल्या मजुरालाही सकाळी आलेल्याइतकीच मजुरी मिळते.

वाइल्ड: दानशूर राजपुत्र आणि दानाविरुद्धचा निबंध

पूर्ण यादीतली सर्वांत चुरशीची जोडी हीच, असं आमचं मत. 'द हॅपी प्रिन्स अँड अदर टेल्स' १८८८ चं, पाच कथांचं पुस्तक. शीर्षककथा मोठ्यानं वाचायला साधारण अर्धा तास लागतो. राजपुत्राचा पुतळा तलवारीतलं माणिक शिवणकाम करणाऱ्या बाईला पाठवतो, एक नीलमणी नाटककाराला, दुसरा आगपेट्या विकणाऱ्या मुलीला, आणि अंगावरचा सोन्याचा पत्रा गरिबांना वाटून टाकतो. शेवटी आंधळा, भणंग पुतळा वितळवतात. कलेचा प्राध्यापक म्हणतो, आता तो सुंदर नाही म्हणजे उपयोगाचाही नाही.

फेब्रुवारी १८९१ मध्ये त्याच लेखकाचा 'द सोल ऑफ मॅन अंडर सोशलिझम' 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'मध्ये आला. त्याच्या पहिल्याच पानांत तो म्हणतो की दानानं गरिबी बरी होत नाही, लांबते. खासगी मालमत्तेतून उपजलेली दुःखं खासगी मालमत्तेनंच हलकी करणं अनैतिक आहे. म्हणजे आपल्या राजपुत्रानं जे केलं तेच!

निबंधाची पहिली तिसऱ्या हिश्श्याएवढी पानं या प्रश्नावर आहेत, ती काळजीपूर्वक वाचावीत. मधला बराच भाग कला, वाचकवर्ग आणि वृत्तपत्रं यांच्यावर जातो. कंटाळा आला तर तो पुढं ढकलावा आणि शेवटाकडं वळावं. मग कथा पुन्हा वाचा, आणि या वेळी शिवणकाम करणाऱ्या बाईकडं लक्ष द्या. ती राणीच्या दासीसाठी रेशमावर फुलं काढत असते, आणि दासीची तक्रार असते की या बायका फार आळशी. राजपुत्र माणिक देतो, पण ही व्यवस्था तशीच राहते. शहरात कुणाचंच काही बदललेलं नसतं. वाइल्डला हे १८८८ मध्ये कळलेलं होतं का, यावर वाचकांत वाद होऊ द्यावा. वाचनगटासाठी याहून चांगला विषय नाही.

वेळ असेल तर 'अ हाउस ऑफ पोमग्रॅनेट्स' (१८९१) मधली 'द यंग किंग' मध्ये घालावी. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला तीन स्वप्नं पडतात: विणकरांचं, मोती काढणाऱ्या गुलामांचं, माणकं खणणाऱ्यांचं. सकाळी तो झगा नाकारतो, तर रस्त्यातला एक गरीब माणूसच त्याला अडवतो. श्रीमंतांच्या चैनीवरच आमचं पोट चालतं, म्हणतो. त्या माणसाला कथेत धड उत्तर मिळत नाही, निबंध ते द्यायचा प्रयत्न करतो. भाषेची एक सूचना: या दुसऱ्या पुस्तकातलं इंग्रजी मुद्दाम बायबलच्या वळणाचं, 'दाऊ-दी' या जुन्या 'तू-तुला'नं भरलेलं आहे. मुलांना वाचून दाखवताना मराठीत सांगत गेलेलं बरं.

ग्रिम: एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या

ग्रिम बंधूंचा निबंध म्हणजे त्यांच्या प्रस्तावना. जोडी मात्र इथं वेगळी लावायची: पहिली आवृत्ती (१८१२ आणि १८१५ चे दोन खंड) आणि सातवी (१८५७). आज सगळीकडं छापली जाते ती सातवी. पहिलीचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद जॅक झाइप्सनं २०१४ मध्ये केला, त्यामुळं हा खेळ आता घरबसल्या करता येतो.

कथा शीर्षकानं न शोधता क्रमांकानं शोधाव्यात. अनुवादागणिक शीर्षकं बदलतात, सातव्या आवृत्तीचे क्रमांक बदलत नाहीत. तुलनेसाठी या तीन घ्या. १२, रापुन्झेल: १८१२ मध्ये ती परीला निरागसपणे विचारते की माझे कपडे एवढे घट्ट का होताहेत. नंतरच्या आवृत्तीत त्याऐवजी ती म्हणते की राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढायला जड जातं. १५, हान्सेल आणि ग्रेटेल: मुलांना रानात सोडणारी आधी सख्खी आई आहे, १८४० पासून सावत्र झाली. ५३, हिमगौरी: तिथंही दुष्ट राणी आधी सख्खीच. दोन प्रती शेजारी ठेवून बदललेली वाक्यं पेन्सिलीनं खुणवली तर तासाभरात लक्षात येतं की विल्हेल्म ग्रिमचा हात कुठं फिरलाय. गर्भारपण झाकलं, आईला वाचवलं, धार्मिकता वाढवली. क्रौर्य मात्र कमी केलं नाही. सिंड्रेलाच्या (२१) बहिणींचे डोळे पक्षी फोडतात, ते पहिल्या आवृत्तीत नव्हतंच.

एवढं झाल्यावर १९ (कोळी आणि त्याची बायको), २४ (होले आजी), ४४ (यमधर्म धर्मपिता), ६९ (योरिंडे आणि योरिंगेल) आणि ४७ (जुनिपरचं झाड) वाचावीत. शेवटची अप्रतिम आहे, पण तीत सावत्र आई मुलाचं मुंडकं तोडून त्याचं कालवण करते. निजताना सांगायची नव्हे. ११० क्रमांकाची कथा ज्यूद्वेषी आहे, मुलांच्या हाती पडण्याआधी माहीत असावं. दोनशे कथा ओळीनं वाचायच्या भानगडीत पडू नये. दहाव्या गोष्टीनंतर तीन भाऊ, तीन कामं, तीन रात्री यांचा गलका होतो. दिवसाला एक पुरे.

अँडरसन आणि इतर

अँडरसननं गोष्टी गोळा केल्या नाहीत. काही ऐकीव घेतल्या, बहुतेक रचल्या. पहिली पुस्तिका १८३५ ची, चार गोष्टींची. वाचायचा क्रम: 'टिंडरबॉक्स', 'राजाचे नवे कपडे' (१८३७), 'फर ट्री' आणि 'स्नो क्वीन' (दोन्ही १८४४), शेवटी 'द शॅडो' (१८४७). ही शेवटची परीकथेच्या वेषातली भयकथा आहे. विद्वानाची सावली सुटून जाते, मोठी होऊन परत येते आणि मालकालाच आपली सावली बनवते. अँडरसनची गंमत निवेदकाच्या बोलण्यात आहे, म्हणून मोठ्यानं वाचलं नाही तर अर्धी जाते. त्याच्याबरोबर स्टीव्हन्सनचा 'चाइल्ड्स प्ले' (१८७८) हा निबंध ठेवावा. मूल खेळताना जगाकडं किती बेफिकीरपणे बघतं, ते त्यात आहे.

जॉर्ज मॅकडोनल्डची 'द लाइट प्रिन्सेस' (१८६४) वजन आणि गांभीर्य दोन्ही हरवलेल्या राजकन्येची. तिच्याशी 'द फँटॅस्टिक इमॅजिनेशन' (१८९३) जोडावा. कल्पित जगाचे भौतिक नियम वाटेल ते असोत, एकदा घातले की पाळलेच पाहिजेत, आणि नैतिक नियम उलटे करता येणार नाहीत, असं तो सांगतो. हा नियम हातात घेऊन वाइल्ड आणि अँडरसन पुन्हा तपासता येतात.

इमर्सनचा 'सेल्फ-रिलायन्स' (१८४१) पुष्कळजण पहिला घेतात आणि अडकतात. त्याच्या परिच्छेदांना जोडणारे दुवे नसतात, दोष वाचकाचा नाही. रोज दोन परिच्छेद, बस. लँबचा 'ड्रीम चिल्ड्रन' (१८२२) मात्र एका दमात वाचावा, चार-पाच पानांचा तर आहे. शेवट आधी कुणाकडून ऐकू नये.

मराठीतली जोडी

इथं खरा दुवा एका स्त्रीच्या आवाजाचा आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिचं 'ओल्ड डेक्कन डेज' १८६८ मध्ये लंडनला निघालं. त्यातल्या गोष्टी सांगितल्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयेनं. तिचे आजोबा गोव्याकडं ख्रिस्ती झाले, त्यांचं घराणं मूळचं लिंगायत. पुस्तकाच्या आरंभी अ‍ॅनाची स्वतःची हकिगत तिच्या शब्दांत दिली आहे, ती वगळू नये. आजी गोष्टी कशा सांगायची, घर कसं चालायचं, पगार किती, सगळं त्यात येतं. परीकथांच्या संग्रहात सांगणाऱ्या बाईला एवढी जागा ग्रिमनीही दिली नव्हती. पहिलीच गोष्ट 'पंचकिन', जिच्यात जादूगाराचा प्राण दूरच्या पोपटात असतो, मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. एक सावधगिरी: पोर्तुगीज, कानडी, मराठी, इंग्रजी अशा भाषांमधून गोष्टी आल्यात आणि शेवटचा हात फ्रिअरबाईचा आहे. सुबक इंग्रजी संवाद अ‍ॅनाचे समजू नयेत.

तिच्यासमोर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तला 'लोकभ्रम' ठेवावा. माला १८७४ मध्ये सुरू झाली, ८४ अंक निघाले, बहुतेक मजकूर एकट्याचा. वाक्यं मेकॉलेच्या वळणाची लांब आहेत, पण मोठ्यानं वाचली की ताल सापडतो. योगायोग असा की 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायचं काम त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलं होतं. जोतीराव फुल्यांवर विष्णुशास्त्र्यांनी जे लिहिलं ते वाचताना राग येईल, यायलाच हवा. म्हणून लगोलग ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) घ्यावी. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून ती लिहिली गेली, आणि एका बैठकीत संपते. 'मुक्तामाले'सारख्या त्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांत बायका कशा रंगवतात यावरही ताराबाई तुटून पडतात. त्यानंतर ग्रिमचा ५३ क्रमांक पुन्हा काढून, राणीच्या आरशापाशी तेच प्रश्न विचारून बघावेत.